फोनमधली बाग आणि रानातली बाग: फळछाटणीच्या हंगामातलं एक प्रकरण

द्राक्षाची फळछाटणी (घड येण्यासाठी ऑक्टोबरच्या सुमारास घेतात ती छाटणी) झाली की पुढचे ५०-६० दिवस बागायतदाराला झोप कमी आणि फेऱ्या जास्त. छाटणीनंतर ८-१२ दिवसांत काडीवरचे डोळे फुगून पोंगा, म्हणजे कोवळा कोंब, दिसतो. मग पानं, मग घड बाहेर पडतो, ४० व्या दिवसाच्या आसपास फुलोरा येतो आणि पन्नाशीत मणी धरतो. या काळात पाऊस झाला, धुकं पडलं, आभाळ राहिलं की डाऊनी हा बुरशीसारखा रोग येतो. फुलोऱ्यातल्या घडावर डाऊनी बसली की तो घड गेला. नंतर कितीही भारी औषध मारलं तरी तो परत मिळत नाही. मी बागांना सल्ला देण्याचं काम करतो, आणि माझं स्पष्ट मत आहे की या दिवसांत बागायतदाराचं लक्ष औषधापेक्षा महाग असतं. ते लक्ष एका माणसाचं कसं विखुरलं आणि कसं थोडंथोडं गोळा झालं, ते इथे मांडतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सांगली जिल्ह्यातला तासगाव तालुका, मणेराजुरीच्या बाजूचं एक गाव. अडीच एकर बाग: दीड एकर थॉमसन, एक एकर माणिक चमन, या द्राक्षाच्या जाती. वय चाळिशीच्या आत. घरी आई, पत्नी आणि दहावीतला मुलगा. मी त्यांना दादा म्हणतो, ते मला सर म्हणतात. इथेही दादाच म्हणतो.

दादांची बाग वाईट नव्हती. जमीन मध्यम, ठिबक चांगलं, हात कामाला वाघ. पण मागे लागलेल्या गोष्टी बऱ्याच होत्या. २०१९ मध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत लांबलेल्या पावसानं या भागातल्या कितीतरी बागा फुलोऱ्यातच बसवल्या, त्यात त्यांचीही होती. २०२१ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला अवकाळी पाऊस आला तेव्हा मणी धरलेले होते, कुज झाली. त्यातून सावरतात तोवर एका हंगामात माल उचलून नेलेल्या व्यापाऱ्याचा चेक वटला नाही. द्राक्षपट्ट्यात ही गोष्ट नवी नाही. दर वर्षी कुणाच्या तरी दारात हे घडतं आणि ज्याच्या दारात घडतं त्याचं वर्षाचं गणित बसतं ते उठतच नाही. सोसायटीचं कर्ज जुनं-नवं करून दादांनी पुढची छाटणी घेतली.

त्या छाटणीनंतर विसाव्या दिवसाच्या सुमारास मला त्यांचा फोटो आला. पानाच्या वरच्या बाजूला पिवळसर तेलकट डाग. खाली एकच वाक्य: "सर, कायतरी सांगा, आत्ताच मारतो." मी विचारलं, पानाच्या खालच्या बाजूचा फोटो पाठवा. डाऊनीची खरी खूण खाली असते. दमट रात्रीनंतर सकाळी पान उलटलं की पांढरी कापसासारखी बुरशी दिसते. बराच वेळ उत्तर आलं नाही. मग फोन आला. ते पान त्यांच्या बागेतलं नव्हतंच. कुठल्यातरी ग्रुपवर आलेलं होतं, कुणाच्या बागेतलं ते पाठवणाऱ्यालाही माहीत नव्हतं. टाकीत पाणी भरून झालं होतं.

मी संध्याकाळी गेलो. बागेत डाग शोधायला आम्हाला बराच वेळ लागला, आणि सापडले ते ऊसाच्या बांधाला लागून असलेल्या खालच्या ओळींत, मोजकेच. दादांनी ते पाहिले नव्हते. म्हणजे जो रोग त्यांच्या बागेत नव्हता त्यावर ते औषध मारायला निघाले होते, आणि जो थोडासा होता तो त्यांच्या नजरेतून सुटला होता.

फोनवर काय होतं

आता कुणी म्हणेल, फोन कमी करा म्हणून सांगायचं. ते इतकं सोपं नव्हतं. दादा रील बघत बसणारे नव्हते. त्यांच्या फोनवर जे काही होतं ते सगळं द्राक्षाचंच होतं: हवामानाचा ग्रुप, बाजारभावाचा, औषध दुकानदाराचा, गावातल्या बागायतदारांचा, बेदाण्याचा. आणि एक ग्रुप त्याच व्यापाऱ्यानं बुडवलेल्या लोकांचा, जो रात्री दहानंतर जागा व्हायचा. कुणीतरी लिहायचं, तो अमुक गावात दिसला. कुणी लिहायचं, वकील असं म्हणाला. दादा बारा-एक वाजेपर्यंत वाचत पडायचे.

काम टाळून फोन बघणाऱ्याला आतून कुठेतरी कळत असतं की आपण टाळतोय. दादांना ते कळायची सोयच नव्हती, कारण त्यांना वाटत होतं आपण बागेकडेच लक्ष देतोय. घरातल्यांनाही तसंच वाटायचं. फक्त वहिनींच्या ध्यानात आलं होतं. त्या मला म्हणाल्या, "ताटात काय वाढलंय त्ये पन बगत न्हाईत. भाकरी संपली तरी हात ताटात फिरवत बसत्यात."

मी त्यांना काही दिवस एक काम दिलं. वहीच्या एका पानावर लिहायचं: आज बागेत डोळ्यांनी काय पाहिलं. समोरच्या पानावर: आज फोनवर काय पाहिलं. फोनचं पान भरून वाहायचं. नारायणगावात पाऊस, नाशिककडे गळ, कुठल्या औषधाचा तुटवडा, कुठला दर. बागेच्या पानावर मात्र "ठीक आहे", "बरी आहे", "पाणी दिलं". वही पाहून ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी रोज बागंत आसतोय की सर. मग ह्ये आसं कसं?"

असण्यात आणि बघण्यात अंतर पडतं त्याचं एक कारण संशोधनात चांगलं मांडलेलं आहे. सोफी लरॉय या संशोधिकेनं २००९ मध्ये दाखवलं की माणूस एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळतो तेव्हा त्याच्या लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो, आणि दुसऱ्या कामाची गुणवत्ता घसरते. तो अभ्यास कार्यालयीन स्वरूपाच्या कामांचा होता, द्राक्षबागेचा नव्हे. पण दादांच्या ओळीत उभं राहिलं की तेच दिसायचं. चौथ्या वेलीजवळ फोन वाजला, बघितला, खिशात ठेवला. पुढच्या दहा वेली पायांनी चालून झाल्या. डोळे अजून त्या निरोपात होते. आणि डाऊनीचा पहिला डाग बाजरीच्या दाण्याएवढा असू शकतो.

बुडालेल्या पैशांनी आणखी एक गोष्ट केली होती, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. त्या व्यापाऱ्याला दादांनी स्वतः पारखून माल दिला होता. तिथे फसल्यापासून त्यांचा स्वतःच्या नजरेवरचा भरवसाच उडाला होता. पान हातात असलं तरी त्यांना दुसऱ्या कुणाचं मत हवं असायचं, तिसऱ्याचं हवं असायचं. जितकी मतं जास्त तितकी भीती जास्त, आणि भीती वाढली की पुन्हा फोन.

जे जमलं नाही

त्यांच्या एका पाहुण्यांनी इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाऊन ये म्हणून आग्रह धरला होता. शिबिराबद्दल मला आदर आहे, पण ऑक्टोबरात दहा दिवस बाग सोडून जा असं कुठल्याही बागायतदाराला सांगणं म्हणजे त्याची अडचण न ऐकणं. मग आम्ही संध्याकाळी श्वासाकडे लक्ष देऊन बसण्याचा प्रयत्न केला. डोळे मिटले की दादा व्याज मोजायला लागायचे. कधी तिथेच झोप लागायची, कारण माणूस पहाटेपासून उभा असायचा. थोड्या दिवसांनी ते आम्ही सोडून दिलं आणि मला ते सोडल्याचं वाईट वाटलं नाही.

अमेरिकेत १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात सजगतेवर आधारलेला जो कार्यक्रम सुरू केला, तो ८ आठवड्यांचा आहे आणि त्यात घरी रोज सुमारे ४५ मिनिटांचा सराव अपेक्षित असतो. छाटणी झालेल्या बागेच्या मालकाकडे ती ४५ मिनिटं कुठून येणार? पण त्या सरावाचा गाभा साधा आहे. लक्ष एका जागी ठेवायचं, ते सुटलं की सुटल्याचं ओळखायचं, आणि स्वतःला न रागावता परत आणायचं. ती जागा श्वासच असली पाहिजे असं नाही. द्राक्षाचं पान चालतं.

जे टिकलं

सकाळची फेरी. दादा पूर्वीही फेरी मारायचे, पण आता तिला रीत आली. पानांवर दव असतानाच निघायचं. फोन वहिनींकडे. आत शिरायचं ते ऊसाच्या बांधाकडून, कारण तिथे हवा खेळत नाही आणि पान सगळ्यात उशिरा वाळतं. प्रत्येक ओळीत ठरावीक वेलींपाशी थांबायचं, आतल्या बाजूची दोन पानं उलटायची, एक घड हातात न धरता खालून बघायचा. ओळीचा आकडा तोंडानं म्हणायचा. मध्येच मन चेककडे गेलं तर हळूच "चेक" म्हणायचं आणि पुढचं पान उलटायचं. दर गेला तर "दर". दादांना हे आधी बावळटपणाचं वाटलं. रानात एकटंच बोलत फिरणारा माणूस बघून मजुरीला आलेल्या बायका हसल्या. पण विचाराला नाव दिलं की तो थोडा बाजूला सरकतो, हे त्यांना चार-पाच दिवसांत स्वतःच जाणवलं. "पयला मी चेकसंगं गावभर फिरून यायचो. आता वळीतच परत येतोय," असं ते म्हणाले, आणि यापेक्षा नेमकं मला सांगता येणार नाही.

फेरीवरून आलं की वही. नियम एकच: जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेच लिहायचं. सल्ला नाही, अंदाज नाही. "ओळ ३, बांधाकडून दुसरी वेल, एक पान, खाली पांढरं." "ओळ ११, घड सुटसुटीत." त्यानंतर नाश्ता आणि मग फोन: हवामानाचा अंदाज, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला, आणि गरज असेल तर मला फोन. संध्याकाळी पुन्हा एकदा. दोन ग्रुप त्यांनी सोडले, बाकीच्यांचा आवाज बंद केला.

बुडवलेल्यांचा ग्रुप सोडायला ते तयार नव्हते, आणि मीही आग्रह केला नाही. तो पैसा त्यांचा होता आणि त्या लोकांशी असलेलं नातंही खरं होतं. शेवटी असं ठरलं की त्या ग्रुपमधल्या एकाशी शनिवारी संध्याकाळी समक्ष भेटायचं, वकिलाकडचं जे असेल ते तिथं बोलायचं, कागद करायचे ते तिथं करायचे. बाकी सहा दिवस चेकचा विचार आला तर त्याला शनिवार दाखवायचा. हे सगळ्यात उशिरा जमलं. रात्री फोन उशाशी असेपर्यंत जमलंच नाही. तो स्वयंपाकघरातल्या फळीवर गेला तेव्हा झोप सुधारली.

पंपाच्या खोलीत एक कागद लावला होता. पीटर गॉलवित्झर या मानसशास्त्रज्ञानं मांडलेली एक कल्पना आहे: "हे करायचंय" असं नुसतं ठरवण्यापेक्षा "अमुक झालं तर मी तमुक करीन" असं ठरवलं तर ते प्रत्यक्ष घडण्याची शक्यता वाढते, कारण प्रसंग आला की पुन्हा विचार करत बसावं लागत नाही. दादांच्या कागदावर त्यांच्याच अक्षरात होतं: रात्री पाऊस झाला तर सकाळी आधी मोकळा ब्लोअर (ट्रॅक्टरला जोडलेला फवारणीचा पंखा, औषध न भरता) फिरवायचा, मग खालच्या ओळी बघायच्या, मग वही, मग फोन. कुणी घाबरवणारा निरोप पाठवला तर आधी आपल्या बागेत जाऊन पान उलटायचं, मग उत्तर द्यायचं.

या सगळ्यात वहिनींवर भार पडला, हे लिहिलं नाही तर प्रकरण अर्धवट राहील. सकाळी मुकादमाचा फोन त्यांनी घ्यायचा, लाईट आली-गेली त्यांनी बघायचं, आणि कशासाठी दादांना हाक मारायची ते त्यांनीच ठरवायचं. दादांचं मन एकाग्र व्हावं म्हणून घरातल्या बाईचं मन दहा ठिकाणी जावं, हे मला मान्य नव्हतं. मी तसं बोललो. बोलणं वहिनींसमोर झालं आणि त्यांनी लगेच सौदा केला: फेरीहून आल्यावर धारा आणि गोठा दादांनी करायचा, त्या वेळात त्यांच्याकडे कुणी काही मागायचं नाही. तो सौदा पाळला गेला. एका माणसाचं लक्ष सुधारायचं असेल तर त्याची किंमत घरात कोण देतंय ते आधी बघावं, असं मला या प्रकरणापासून फार वाटतं.

फुलोऱ्यातला पाऊस

दिवाळी झाली आणि फुलोरा ऐन भरात असताना एका रात्री पाऊस आला. मोठा नव्हता, पण तासभर टिकला. फळीवरचा फोन खाली आला आणि रात्रभर हातातच राहिला. सगळे ग्रुप पेटले होते. कुणी म्हणत होतं सहाच्या आत मारा, कुणी म्हणत होतं दोन औषधं एकत्र करा. पहाटे दादांचा मला फोन आला. "सर, समदी मारायला लागल्यात. मी मागं राहिलो तर?"

मी एवढंच विचारलं, की पंपाच्या खोलीतल्या कागदावर काय आहे. ते फोन चालू ठेवून तिथपर्यंत गेले आणि मला वाचून दाखवलं. मग ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला.

मोकळा ब्लोअर फिरवल्यानं फुलांवरचं पाणी झडलं. खालच्या ओळींत चिखल होता, तिथे ते पायी गेले आणि वेली हलवून पाणी पाडलं. वहीमुळे त्यांना माहीत होतं की रोगाची सुरुवात कुठून होते, त्यामुळे बांधाकडच्या ओळी आधी घेतल्या, खराब पानं हातानं काढली, ओल ओसरल्यावर फवारणी केली. वरच्या भागातली बाग बरीचशी सुटली. खालच्या ओळींतले बरेच घड गेले. शेजारच्या एका बागेत त्या पहाटे लगेच औषध मारलं गेलं होतं, आणि ती बागही वाचली. त्यामुळे दादांची पद्धत बरोबर आणि शेजाऱ्याची चूक असं मी म्हणणार नाही. फरक पडला तो पुढच्या आठवड्यात. शेजारी त्या आठवड्यात जवळजवळ रोज मारत राहिला. दादांना कुठे थांबायचं ते दिसत होतं. काढणीच्या वेळी मालातल्या औषधांच्या अवशेषांची तपासणी होते आणि शेवटच्या फवारण्यांचं अंतर मोजावं लागतं, तेव्हा हे थांबणं कामाला येतं. औषधांचं बिल गेल्या वर्षीपेक्षा कमी आलं. त्यातलं किती हवेमुळे आणि किती लक्षामुळे, हे एका हंगामावरून वेगळं काढता येत नाही.

त्या रात्रीनंतर दादा दोन दिवस स्वतःवर चिडलेले होते. एवढं ठरवून पुन्हा रात्रभर फोन धरला, म्हणजे सगळं पाण्यात गेलं, असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं या प्रकरणातला सगळ्यात नाजूक वळण हेच होतं, पावसापेक्षाही. अशा वेळी माणूस एकतर सगळं सोडून देतो किंवा नियम आणखी कडक करतो, आणि कडक नियम पुढच्या पावसात मोडतात. आम्ही दोन्हीपैकी काही केलं नाही. वहीत त्या रात्रीची नोंद इतर नोंदींसारखीच झाली: "रात्री फोन. झोप नाही. सकाळी फेरी झाली." दुसऱ्या दिवशी फेरी तीच, त्याच बाजूनं. ओळीत लक्ष सुटलं की पान उलटून परत यायचं, ही गोष्ट त्यांनी कित्येक दिवस रोज केली होती. रात्रीच्या सुटण्यालाही तेच लागू आहे हे पटायला त्यांना थोडा वेळ लागला, पण पटलं.

फेब्रुवारीत माल निघाला. या वेळी पैसे हातात आल्याशिवाय गाडी हलू दिली नाही. त्यासाठी दर थोडा कमी घेतला. खालच्या ओळींतला हलका माल बेदाण्याला गेला. जुना चेक अजून तसाच आहे.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. सजगपणे पान उलटल्यानं बुडालेला पैसा परत येत नाही, आणि आलाही नाही. व्यापाऱ्याकडून हमी घेणं, विमा वेळेवर मिळणं, कर्जाचा हप्ता हवामानाशी जुळणं, या गोष्टी बागायतदाराच्या मनाच्या तयारीवर ढकलून चालणार नाहीत. दादांना झोप परत आली म्हणून आम्ही वहीवर भागवलं. ज्याला आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगण्यात अर्थ नाही असं बोलून दाखवतो, त्याच्यासाठी वही पुरेशी नाही. त्याला एकटं सोडू नये, डॉक्टरांकडे न्यावं. टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. हा क्रमांक दादांच्या पंपाच्या खोलीतल्या कागदावरही खाली लिहिलेला आहे.

आता एप्रिलची खरड छाटणी (काडी तयार करण्यासाठी घेतात ती) झाली आहे. या काळात पुढच्या वर्षीचा घड काडीवरच्या डोळ्यात आतल्या आत तयार होत असतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. रोगाची भीतीही तेवढी नाही, त्यामुळे फेरी ढिली पडायला लागली होती. ती आठवड्यातून तीनदा करायची असं ठरलं आहे. वहीत काय लिहायचं यावर मात्र आमचं अजून जमलेलं नाही. दादा म्हणतात काडीची जाडी आणि पेऱ्यातलं अंतर लिहू. माझं म्हणणं आहे की त्या दिवशी पाणी किती दिलं तेही शेजारी लिहावं, म्हणजे ऑक्टोबरात घड मोजताना मागे बघता येईल.